आधी पुस्तक की आधी सिनेमा? 'शाळा'च्या निमित्ताने

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा बंगळुरूहून फोन आला. 'शाळा' सिनेमा बघ म्हणून तिच्या मैत्रिणीने तिच्या मागे लकडा लावला होता आणि तो एका कादंबरीवरून केलेला आहे हे कळल्यावर तिने मला विचारले, "मावशी, आधी पुस्तक वाचू की सिनेमा बघू? पुस्तकाला मला महिना लागेल, सिनेमा दोन तासांत संपेल." ती मराठी छान बोलते, पण तिचे सारे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले असल्यामुळे मराठी वाचताना तिचा वेग मंदावतो आणि लांब वाक्य आले की ती मागे जाऊन ते पुन्हा वाचते. "आधी पुस्तकच वाच," असे मी तिला तिथल्या तिथे सांगितले खरे, पण इतक्या ठामपणे का सांगितले, हा विचार नंतर बरेच दिवस डोक्यात घोळत राहिला.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी आपल्याला सगळे सांगतो: सुऱ्या, चित्र्या आणि फावड्याबरोबरच्या गप्पा, मास्तरांचा मार, नरूमामाने शिकवलेल्या गोष्टी, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे शिरोडकर. घटना म्हणाल तर या कादंबरीत फारशा नाहीत. कोण कोणाला लाईन देते याची खलबते, शिरोडकर दिसेल या आशेवर काढलेले दिवस, तिच्याशी बोलायचे ठरवून प्रत्यक्षात भलतेच काहीतरी बोलून परत येणे, असे सगळे चालू असते आणि त्यातले बहुतेक जोशीच्या डोक्यात घडत असते. वर्गातल्या मुलामुलींना आडनावाने हाक मारायची आपल्याकडच्या शाळांतली पद्धत इथेही आहे, त्यामुळे ज्या मुलीवर त्याचा जीव जडला आहे तीही त्याच्या मनात 'शिरोडकर'च असते. त्या आडनावात जेवढी ओढ आणि जेवढा संकोच एकत्र मावला आहे, तेवढा मला फार थोड्या प्रेमकथांमध्ये सापडला आहे.

ती आपल्याला दिसते ती जोशीला दिसेल तेवढीच. उरलेली आपण भरून काढतो. माझी शिरोडकर लाल रिबिनींच्या दोन वेण्या घालणारी होती, कारण आठवीत आमच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी तशा वेण्या घालत असे आणि फळ्यावरचे उतरवून घेताना तिची एक वेणी नेहमी वहीवर येत असे. हे पुस्तकात कुठेही नाही. वाचताना ते माझ्याकडून त्यात गेले होते.

मग २०१२च्या जानेवारीत सुजय डहाके यांचा सिनेमा प्रदर्शित झाला. अंशुमन जोशीने मुकुंद केला आणि केतकी माटेगावकरने शिरोडकर. सिनेमा मला आवडला. तो प्रामाणिक आहे, मुले खरी वाटतात आणि त्याला मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार योग्यच होते. पण त्यानंतर काही महिन्यांनी मी पुस्तक पुन्हा उघडले, तेव्हा वेण्यांची ती मुलगी तिथे नव्हती. शिरोडकरचे नाव आले की केतकीचाच चेहरा समोर येत होता आणि कितीही प्रयत्न केला तरी जुना चेहरा परत आला नाही. मात्र शाळेची इमारत माझीच राहिली. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतींचा आमच्या शाळेचा जिना अजूनही त्या कादंबरीत तसाच आहे, आणि जोशीचा मनातल्या मनात बोलण्याचा सूरही मी वाचताना ऐकला होता तसाच टिकला आहे.

आधी वाचले की सगळे वाचते, असे म्हणूनच मी म्हणणार नाही. चेहरे जातात, कारण पडद्यावरचा चेहरा फार जोरकस असतो. पण आधी वाचणाऱ्याला निदान काही काळ तरी स्वतःची शिरोडकर मिळते. आधी सिनेमा पाहणाऱ्याला ती कधीच मिळत नाही, आणि तो सिनेमा कितीही चांगला असला तरी हे नुकसान भरून निघत नाही. सिनेमा नंतर केव्हाही पाहता येतो, त्याचे काहीच बिघडत नाही. ज्या कादंबरीत 'मी' बोलत असतो आणि त्या बोलण्यातच तिचा सगळा जीव असतो, तिच्या बाबतीत तर हा क्रम मला फारच महत्त्वाचा वाटतो, कारण मनातले बोलणे दाखवायचे तर सिनेमाच्या हाताशी एखादी नजर, एखादे थबकणे किंवा पार्श्वभूमीवरचा आवाज, एवढेच असते.

माझ्या या मताला छेद देणारा अनुभव मीच घेतलेला आहे, आणि तो 'बनगरवाडी'चा आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. तिच्यातही 'मी' आहे: औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर. कॉलेजात असताना मी ती वाचायला घेतली आणि तीस-चाळीस पानांनंतर ठेवून दिली. मी मुंबईत वाढलेली. माणदेशी बोली मला कागदावर समजत होती, पण ऐकू येत नव्हती, आणि कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसे मला नुसती नावे वाटत होती. पुढे अमोल पालेकरांनी १९९५ साली केलेला सिनेमा मी दूरदर्शनवर पाहिला. त्यात चंद्रकांत मांढरे कारभारी आहेत. म्हातारपणाचा भार आणि वाडीवरचा वचक त्यांच्या बसण्यातच आहे. तो माळ, मेंढरांचे कळप, तालमीचे बांधकाम आणि शेवटी दुष्काळात रिकामी होत जाणारी वाडी पाहिल्यावर मी त्याच आठवड्यात पुस्तक पुन्हा काढले आणि दोन रात्रींत संपवले. आता प्रत्येक संवादाला आवाज होता. मला स्वतःहून जी वाडी उभी करता आली नसती, ती सिनेमाने उभी करून दिली होती आणि माडगूळकरांची बारीक, कमी शब्दांत सगळे सांगणारी वाक्ये त्यानंतरच माझ्यापर्यंत पोचली.

माझी शाळा आणि जोशीची शाळा यांत फारसे अंतर नव्हते, म्हणून तिथे मला कोणाचीही मदत लागली नाही. माणदेश मी कधी पाहिलाच नव्हता. पुस्तकातल्या जगापासून वाचणारा किती दूर उभा आहे, यावर पुष्कळसे अवलंबून असते, हे मला तेव्हा कळले.

'सिंहासन'चा प्रश्न याहून सोपा आहे. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९७९ साली सिनेमा केला. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, पत्रकार अशी माणसांची एवढी गर्दी आहे की आधी सिनेमा पाहिलेला वाचक कादंबरीत शिरताना गोंधळत नाही. पत्रकार दिगू टिपणीस म्हटले की निळू फुले दिसतात, याचे मला कधीच वाईट वाटले नाही. उलट सिनेमाला वेळेअभावी ज्या गल्ल्या सोडाव्या लागल्या, त्यांतून साधू आपल्याला सावकाश हिंडवून आणतात. 'जैत रे जैत' या सिनेमाबद्दल मात्र मी कोणालाच सल्ला देऊ शकत नाही. गोनीदांची, म्हणजे गो. नी. दांडेकरांची मूळ कादंबरी हातात घेण्याच्या कितीतरी आधीपासून ना. धों. महानोरांची आणि हृदयनाथ मंगेशकरांची गाणी आमच्या घरात रेडिओवर वाजत होती, आणि त्या गाण्यांशिवाय नाग्या आणि चिंधी यांची कल्पना करणे मला आता जमत नाही.

भाचीचा विचार करताना हे सगळे माझ्यासमोर होते. तिचे मराठी वाचन संथ आहे, म्हणून तिला 'बनगरवाडी'सारखा आधार द्यावा, आधी सिनेमा बघू द्यावा, असे एकदा वाटून गेले. पण 'शाळा'ची भाषा पंधरा वर्षांच्या मुलाची आहे, वाक्ये छोटी आहेत, आणि ती स्वतः सोळाची आहे. तिच्या वर्गातही कोणाकडे तरी बघण्याची आणि न बोलण्याची दुखणी असणारच. तिचे स्वतःचे जग त्या पुस्तकात जायला अगदी तयार आहे, आणि हे वय निघून गेल्यावर ते पुन्हा तसे जाणार नाही. मी माझी प्रत कुरिअरने पाठवून दिली.

परवा तिचा फोन आला. अर्धे पुस्तक झाले आहे. 'ढापणे' म्हणजे काय, असे काही शब्द तिने विचारले, आणि नरूमामा आपल्याला का नाही, अशी तक्रारही केली. मी बोलण्याच्या ओघात सिनेमातल्या एका प्रसंगाबद्दल सांगायला लागले, तेव्हा तिने मला मध्येच थांबवले. "थांब मावशी, त्यात शिरोडकर कशी दिसते ते मला सांगू नकोस." दिवाळीच्या सुट्टीत ती येणार आहे. सिनेमा आम्ही तेव्हा दोघी मिळून बघू.