डबल टास्कचा खर्च शून्य, पण हा शून्य खरा नाही

स्क्वेअर-स्टेपिंगच्या जाळीवर, म्हणजे जमिनीवर आखलेल्या चौकोनांवर, डबल टास्कचा खर्च शून्य! डबल टास्क म्हणजे ठरलेल्या क्रमाने (पॅटर्नने) पावलं टाकताना डोक्याचं दुसरं कामही करायचं, आणि खर्च म्हणजे त्यामुळे वेळ किंवा उत्तरं जेवढी बिघडतात तेवढं. हा आकडा दिसायची किती वाट पाहिली होती. नुसता पॅटर्न चालायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच शंभरातून सातसात वजा करत चालायला लागला. उत्तरंही खुर्चीत बसून येतात तेवढीच बरोबर आली. आपल्यातले बरेच जण फक्त पायांचा वेळ लिहितात, म्हणून पुन्हा सांगते: नुसतं चालायला १० सेकंद आणि मोजत चालायला साडेबारा, तर खर्च २५ टक्के. पण तेवढ्याच वेळात बसून दहा उत्तरं येत असतील आणि चालताना सहाच आली, तर तोही खर्चच. माझ्या वहीत दोन्ही रकाने स्वच्छ होते.

मग ह्यांनी काढलेला व्हिडिओ पाहिला. त्र्याण्णव, उजवा पाय. शहाऐंशी, उजवा पाय. एकोणऐंशी, पुन्हा उजवा. दर चौथ्या पावलाला उत्तर, अगदी ठेक्यात. वजाबाकीचा पाढा झालाय आणि पाय त्या पाढ्यावर चालताहेत. दोन कामं उरलीच नाहीत, दोन्ही मिळून एकच सरावाचं काम झालंय. लक्ष इकडून तिकडे वळवण्याची जी कसरत डोक्याला हवी होती, ती यात होतच नाही.

तेव्हापासून हा ठेका मोडायच्या मागे आहे. सुरुवातीचा आकडा बदलून पाहिला, १३१ किंवा ११८ पासून. पहिल्या फेऱ्यांना पाय चांगले अडखळले, पण लवकरच उत्तरं पुन्हा उजव्या पायाला चिकटली. म्हणजे पाठांतर मोडलं तरी ताल मोडत नाही. या दोन वेगळ्या अडचणी आहेत. मेट्रोनोमने, म्हणजे एकसारखी टिकटिक करणाऱ्या यंत्राने, तर आणखीच बिघडलं. तो लावला की जीभ आणि पाय दोघांनाही आयता ठेका मिळतो. चालीचा वेग वाढवण्यासाठी मेट्रोनोम उत्तम, डबल टास्कसाठी मात्र तो बाजूला ठेवावा, असं माझं आता ठाम मत झालंय. एकदा सात, एकदा तीन अशी आलटून पालटून वजाबाकी थोडी टिकली. नंतर तिचाही दोन मात्रांचा ताल बसला.

त्यातल्या त्यात चाललं ते ‘क’वरून शब्द सांगणं. शब्द सारख्या अंतराने येतच नाहीत. चार भराभर सुचतात, मग काहीच नाही, आणि त्या रिकाम्या जागेत पाय थांबतात. स्वीडनमध्ये लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नेमकं हेच टिपलं होतं: बोलताना ज्यांची चाल थांबते, ते वृद्ध नंतरच्या काळात पडण्याची शक्यता जास्त. माझे पाय थांबलेले पाहून बरं वाटलं, कारण निदान खरा खर्च दिसला. अक्षर मात्र रोज बदलायला हवं, नाहीतर यादी पाठ होते.

या सगळ्यात एक गोष्ट मनासारखी झाली. मधल्या पातळीच्या पॅटर्नमधलं मागचं तिरकं पाऊल आता रेषेला न शिवता पडतं! मान खाली न घालता, चवडा आधी टेकून, मग टाच. डावीकडचंसुद्धा. ते पडलं तेव्हा मी तिथेच उभी राहून टाळ्या वाजवल्या.

जाळी घरी कशी करायची असं ज्यांनी विचारलं होतं त्यांना: जमिनीवर मास्किंग टेप लावा. हा व्यायाम तयार करणाऱ्या जपानी संशोधक शिगेमात्सु आणि ओकुरांच्या मूळ मांडणीप्रमाणे ४ रकाने, १० ओळी, २५ सेंमीचा चौकोन. मी मागवलेल्या तयार मॅटचे चौकोन सगळे सारखे नव्हते आणि कापड पायाखाली सरकत होतं. फोमच्या जोडायच्या फरश्या त्याहून वाईट: पाय रुततो, कडेला बोट अडकतं. टेप जमिनीच्या रंगावर उठून दिसणारी हवी, पण चकचकीत नको. दिव्याखाली ती चमकते आणि रेषेची कड कळत नाही.

पुढचा बेत रोज नवं अक्षर घ्यायचा होता, पण हे लिहिता लिहिता वेगळंच सुचतंय. उत्तर जिभेने द्यायचंच कशाला? पायानेच देऊ. ह्यांनी मध्येच, हवं तेव्हा आकडा बोलायचा. विषम आला तर पुढची ओळ उजव्या पायाने सुरू करायची, सम आला तर डाव्याने. निर्णय लागल्याशिवाय पाऊलच पडणार नाही, मग ताल जमणार कसा? लॉर्ड आणि फिट्झपॅट्रिक यांनी २००१ मध्ये पाहिलं तेही याच जातीचं: इशारा बघून योग्य चौकटीत पाऊल टाकायला किती वेळ लागतो, आणि त्याचा पडण्याच्या धोक्याशी काय संबंध. जिनिव्हातल्या २०११ च्या प्रयोगात तर पियानोची लय बदलली की चाल बदलायची, आणि त्या गटात पडण्याचं प्रमाण घटलं होतं. संगीताचं नंतर बघू. आधी आकडे.

पहिल्या फेऱ्या फक्त पुढच्या पावलांच्या, भिंतीलगत, ह्यांचा हात पोचेल इतक्या अंतरावर. मागचं तिरकं पाऊल यात इतक्यात घालणार नाही, आणि घरात एकटी असताना तर मुळीच नाही. अडलंय ते मोजण्यापाशी: वेळ लिहायचा, की चुकीच्या पायाने सुरू केलेल्या ओळी? माझा कल ओळींकडे आहे, कारण वेळ धरला की मी घाई करते. कुणी पायाने उत्तर देण्याचा सराव करत असेल, तर वहीत रकाने कसे आखलेत तेवढं सांगा.