ग्लव्ह कोणत्या हातात?

आज सॉफ्टबॉलची प्रॅक्टिस संपल्यावर स्कोअरशीटवर नाव लिहायला पेन दिला तर पोरीनं तो डाव्या हातानं घेतला.

मी बघतच राहिलो. तीन आठवडे मी या पोरीला ओरडून राहिलो, कोपर वर, कोपर वर, थ्रो फर्स्ट बेसपर्यंत (बॅटर मारून पहिल्यांदा पळते ते ठिकाण) पोचत का नाही, ६० फूट तर आहे... आणि ती बिचारी उजव्या हातानं फेकत होती! कारण आपल्या किटबॅगेतले सगळे ग्लव्ह डाव्या हातात घालायचे, मग फेकायला उजवाच हात मोकळा राहतो.

म्हटलं, "अगं सांगितलं काहून नाही?"

"तुम्हीच तर म्हणलं सर, सगळ्यांनी ग्लव्ह डाव्या हातात घाला."

आता काय बोलणार?

मग माझ्याशी दहा थ्रो खेळली, ग्लव्हशिवाय, जुन्या टेनिस बॉलनं, डाव्या हातानं. चौथा सरळ माझ्या छातीवर. पोरगी हसली, पहिल्यांदाच बहुतेक. बॅटिंगलाही उद्यापासून डावीकडून उभं करून पाहतो, फर्स्ट बेस तिकडून पावलाभरानं जवळ पडते.

आम्ही हौशी कोच रविवारी तर्री पोहे खाऊन मैदानात येतो, युट्यूबवर पाहिलेलं ग्रिप न् स्टान्स शिकवतो, आणि पहिल्या दिवशी "कोणत्या हातानं फेकते गं?" एवढं विचारत नाही. दहा वर्षाचं पोरगं सरांना चूक कसं म्हणेल बापा!

डावखुऱ्यांचा म्हणजे उजव्या हातात घालायचा छोट्या साइजचा ग्लव्ह कोणाच्या घरी पडून आहे का?