जेसुआल्दोच्या अंधारात षड्ज शोधताना

लंडनला साउंड रेकॉर्डिंग शिकत असताना एका छोट्या कॉयरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या रेकॉर्डिंगला मदतनीस म्हणून माझी वर्णी लागली. जागा शहराबाहेरचं एक दगडी चर्च. काम रात्री सुरू होणार होतं, कारण दिवसा डोक्यावरून विमानं जातात. सहा गायक, वाद्य एकही नाही. त्यांच्यासमोर तीन माइकांचा उंच स्टँड, दोन्ही बाजूंना जरा लांबवर आणखी एकेक माइक. टाळी वाजवली की तिची गूंज तीन-साडेतीन सेकंद रेंगाळायची.

त्या रात्री गायचं होतं कार्लो जेसुआल्दोचं संगीत. हा दक्षिण इटलीतला, व्हेनोसाचा संस्थानिक आणि संगीतकार. ईस्टरआधीच्या आठवड्यातल्या शेवटच्या तीन दिवसांच्या प्रार्थनांसाठी त्याने रचलेली गाणी 1611 साली छापली गेली. दिवसाला नऊ, म्हणजे सत्तावीस. या प्रार्थनेला तेनेब्रे म्हणतात. त्रिकोणी दिवठणीवर पंधरा मेणबत्त्या लावायच्या आणि एकेक स्तोत्र संपलं की एकेक विझवत जायची. शेवटची विझवत नाहीत, वेदीमागे लपवतात. मग काळोखात बाकांवर पुस्तकं आपटून मोठा आवाज करायचा; तो येशूच्या मृत्यूच्या वेळच्या भूकंपाचा. हे सगळं मला रेकॉर्डिंगच्या निर्मातीने चहा घेताना सांगितलं. या गाण्यांसाठी घर म्हणून केवढा काळोख तयार ठेवलेला होता!

माझं काम सोपं होतं. हेडफोन लावून नको ते आवाज पकडायचे. खुर्चीची करकर, पान उलटल्याची सळसळ, लांबून जाणारा ट्रक. ऐकू आला की स्वरलिपीत त्या जागी खूण करायची. पुण्यात बैठकींच्या रेकॉर्डिंगला मी हेच करत होते.

पहिलंच गाणं ‘त्रिस्तिस एस्त आनिमा मेआ’. गेथसेमनीच्या बागेत, पकडला जाण्याआधी येशू शिष्यांना सांगतो: माझा जीव मरणाएवढा दुःखी झाला आहे, इथे थांबा, माझ्यासोबत जागे राहा. आवाज खालून, हळू उठले. मी सवयीने षड्ज, म्हणजे आधाराचा सा, धरला. आमच्याकडे तानपुरा सुरू झाला की कानाला घर मिळतं. गायक कितीही लांब गेला तरी घराचं दार दिसत असतं. इथे मी षड्ज धरला आणि पुढच्या सुरावटीत तो माझ्या हातातून सुटला. दुसरा धरला. तोही गेला. बेसूर तर कुणी नव्हतंच. सहाही गळे काटेकोर होते. तरी अंगावर काटा आला, पोटात काहीतरी खाली गेल्यासारखं झालं, आणि एका जागी खूण करायची राहू नये म्हणून मी पेन्सिल घट्ट धरून बसले.

दोन टेकच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मी तो तुकडा पुन्हापुन्हा लावून ऐकला, एकेका स्वरसमूहावर थांबून. असा प्रत्येक स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, वेगळा ऐकला तर साधा, गोडसुद्धा. उदाहरण देते. पेटीवर सा-ग-प एकत्र दाबा. कुठल्याही प्रार्थनेत शोभेल. आता कोमल रे, ग आणि शुद्ध ध एकत्र दाबा. तोही तितकाच स्वच्छ. दोन्हींत गंधार तोच आहे. पण एकापाठोपाठ एक वाजवले की सा होता तिथे कोमल रे उभा राहतो आणि कानाने मानलेलं घर पुसलं जातं. जेसुआल्दो अशी पावलं एकामागून एक टाकतो. आपल्याकडे मूर्च्छनेने षड्ज बदलतात तेव्हा ऐकणाऱ्याला नव्या रागात नीट नेऊन बसवतात. हा माणूस बसूच देत नाही. भीती कुठल्याच सुरात नाही, ती दोन सुरांच्या मधल्या जागेत आहे.

मग येतात ‘वोस फुगाम कापिएतिस’ हे शब्द: तुम्ही पळून जाल. इतका वेळ पाय ओढत चाललेले आवाज एकदम धावू लागतात, एकामागे एक, आणि शिष्य पांगताना दिसतात. लगेच ‘आणि मी तुमच्यासाठी बळी जायला निघेन’ हे पुन्हा संथ. एकटा उरलेला माणूस सहा आवाजांत ऐकवायचा म्हणजे काय, ते तिथे कळतं.

या संगीताबद्दल बोलताना लोक आधी खुनाची गोष्ट काढतात. 1590 मध्ये नेपल्सला जेसुआल्दोने पत्नी मारिया द’आव्हालोस आणि तिचा प्रियकर फाब्रित्सिओ काराफा यांचा जीव घेतला; त्याला शिक्षा झाली नाही. ते खरंच भयानक आहे आणि मारियाचं नाव विसरलं जाऊ नये. पण हे संगीत त्या रक्तातून टपकलं असं म्हणणं मला पटत नाही. मधे एकवीस वर्षं गेली. 1594 मध्ये त्याने उत्तर इटलीतल्या फेरारा शहरातल्या एस्ते घराण्यात दुसरं लग्न केलं, आणि फेरारात लुत्सास्कीसारखे संगीतकार अशीच धाडसी स्वररचना करत होते. एका सप्तकात 31 स्वर देणारा संगीतकार निकोला व्हिचेंतिनोचा हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) हाही याच परंपरेतला. श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांच्या चर्चा ऐकत वाढलेल्या मला हे वाचून फार जवळचं वाटलं. हा अंधार कारागिरीतून आलेला आहे, वर्षानुवर्षं कान घासून.

त्याची खात्री त्याच रात्री पटली. एका टेकमध्ये पहिली ओळ सुंदर होती, दुसऱ्यात पुढची. एरवी दोन टेक जोडतात आणि कुणाला कळतही नाही. निर्मातीने सांधा शोधायला सुरुवात केली. श्वासाची जागा सोडली तर जोडायला सोयीच्या जागा म्हणजे कॉर्ड बदलतो ते क्षण, आणि या गाण्यात नेमके तेच क्षण म्हणजे संगीत. पुढचा कॉर्ड वर येतो तेव्हा आधीच्याची गूंज अजून भिंतींत असते. दोन्ही क्षणभर एकमेकांवर पडतात. तिथे कात्री लावली की सूर बरोबर राहतात आणि जीव जातो. तिने दोनदा जोडून ऐकलं, हेडफोन काढले आणि गायकांना म्हणाली, “दमला आहात ते कळतंय, पण हे सलगच गावं लागेल.”

मध्यरात्र उलटून गेली होती. खालच्या आवाजाच्या गायकाने गरम पाणी घेतलं, स्वरकाट्यावर (ट्यूनिंग फोर्कवर) सूर घेतला आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून गायले. गाणं संपल्यावर निर्मातीने स्वरकाटा वाजवून पाहिला. कॉयर किंचित उतरला होता. वाद्याचा आधार नसताना, घर सतत बदलत असताना असं होतं. तिने तोच टेक ठेवला, आणि माझ्या मते बरोबर केलं.

कुणाला ऐकायचं असेल तर ‘त्रिस्तिस एस्त’पासूनच सुरुवात करा, मग ‘ओ वोस ओम्नेस’. चांगले हेडफोन घ्या, लॅटिन शब्दांचा अर्थ आधी वाचून ठेवा. आणि शास्त्रीय संगीत ऐकणारे असाल तर पहिल्या ऐकण्यात षड्ज शोधू नका. दुसऱ्यात जरूर शोधा.