लाथ कमरेखालीच असावी

कराटेच्या वर्गात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना पहिली ओढ लागते ती उंच लाथेची. रत्नागिरीत वर्ग घेताना मी ती ओढ कौतुकाने पाहते, कारण डोक्यापर्यंत पाय नेण्यासाठी लागणारी लवचिकता आणि त्यामागची मेहनत खरी असते. मात्र जी मुलगी केवळ स्वसंरक्षणासाठी शिकायला आली आहे, तिला मी सुरुवातीलाच सांगते की प्रत्यक्ष प्रसंगात तुझा पाय कमरेच्या वर जाता कामा नये.

उंच लाथेचे आकर्षण बरेचसे स्पर्धेच्या नियमांतून आलेले आहे. कराटेच्या कुमितेमध्ये, म्हणजे दोघांच्या समोरासमोरच्या लढतीत, डोक्यावर नियंत्रित लाथ मारली तर 3 गुण, धडावर मारली तर 2 आणि ठोशाला केवळ 1 गुण मिळतो. सांधे, जांघ आणि पावलाचा वरचा भाग यांवर प्रहार करण्यास मनाई असते. तायक्वांदोमध्येही कमरेखाली लाथ मारणे हा नियमभंगच आहे. खेळाडूंच्या सुरक्षेसाठी हे नियम योग्यच आहेत. परंतु त्यामुळे होते असे की, रस्त्यावर सर्वाधिक उपयोगी पडणारी लक्ष्ये, म्हणजे नडगी, गुडघा आणि मांडी, वर्षानुवर्षे सराव करूनही हाताला, किंबहुना पायाला, सवयीची होत नाहीत.

दुसरा प्रश्न जमिनीचा आहे आणि तो कोकणात राहणाऱ्यांनी फार गांभीर्याने घ्यायला हवा. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पाखाड्यांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या दगडी वाटांच्या, जांभ्या चिऱ्यांवर शेवाळ धरते आणि पायांत बहुधा झिजलेल्या तळव्याच्या चपला असतात. मावाशी गेरी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची लाथ, नीट बसावी म्हणून टेकलेला पाय चवड्यावर गर्रकन फिरवावा लागतो. मॅटवर हे सहज जमते, पण ओल्या चिऱ्यावर तोच पाय निसटतो आणि हल्लेखोराने काही करण्याआधीच आपण आडवे होतो. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, अडचण नेमकी उलटी असते. कोरड्या वाळूत टेकलेला पाय रुततो, तो फिरत नाही आणि कमरेने घेतलेला पीळ आपल्याच गुडघ्यावर येतो. लाथ जितकी उंच, तितका वेळ आपण एका पायावर उभे असतो आणि तितकाच वेळ उचललेला पाय धरून आपल्याला पाडण्याची संधी समोरच्याला मिळते.

खालच्या लाथेत यातले जवळजवळ काहीच नसते. नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर स्नायूंचे आवरण नाही, केवळ त्वचा आहे, त्यामुळे बुटाच्या कडेचा साधा प्रहारही तिथे कळवळायला लावतो. पाय हातापेक्षा लांब पोहोचतो. समोरच्याचा हात आपल्यापर्यंत येण्याआधी त्याच्या गुडघ्याखाली लाथ बसू शकते आणि तेवढ्या वेळात आपले दोन्ही हात चेहऱ्याच्या रक्षणासाठी मोकळे राहतात. गुडघा वर उचलून टाचेने मांडीच्या वरच्या भागावर किंवा ओटीपोटावर दिलेली सरळ ढकल-लाथ मला सर्वांत भरवशाची वाटते. तिच्यात टेकलेला पाय फारसा फिरवावा लागत नाही, आणि निसटून जाण्यासाठी आवश्यक असलेले दोन पावलांचे अंतर त्यातून मिळते. जवळच गडगा (दगडी कुंपण) किंवा एसटी थांब्याचा खांब असेल तर एका हाताने त्याचा आधार घ्यावा.

जांघेत मारलेल्या लाथेवर मात्र लोकांचा अवाजवी विश्वास आहे. पुरुष ती जागा उपजतच जपतो, घाबरलेल्या माणसाचा नेम चुकतो आणि दारूच्या नशेत असलेल्याला वेदना उशिरा जाणवते. ही लाथ मी शिकवते, पण ती बसलीच नाही तर पुढे काय करायचे हेही त्याच सरावात शिकवते. मागून मिठी घातली गेली असेल तर लाथेसाठी लागणारे अंतरच उरत नाही. तेव्हा टाच त्याच्या नडगीवरून घासत खाली आणून पावलावर पूर्ण वजनाने आपटणे हेच शक्य असते.

कायद्याची मर्यादाही वर्गात स्पष्ट सांगितली पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये खासगी बचावाचा अधिकार दिला आहे, आणि बचावासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा अधिक इजा करता येणार नाही, असे कलम 37 सांगते. पाखाडीच्या वरच्या पायरीवर उभे राहून दिलेली ढकल-लाथ माणसाला पायऱ्यांवरून खाली लोटू शकते, आणि त्यात डोक्याला जीवघेणी दुखापत होऊ शकते. म्हणून तिथे ढकलण्यापेक्षा नडगीवर मारावे आणि वर पळावे. पडलेल्या माणसाला पुन्हा लाथ मारणे हा बचाव राहत नाही.

या सगळ्यासाठी सरावाची पद्धत बदलावी लागते. मुली ज्या कपड्यांत कॉलेजला जातात त्याच कपड्यांत, पाठीवर दप्तर आणि पायांत रोजच्या चपला घालून, पावसात भिजलेल्या अंगणात त्या पॅडवर खालच्या लाथा मारतात. घट्ट जीन्समध्ये गुडघा किती उचलला जातो आणि साडीत पाऊल किती पुढे पडते हे तिथेच कळते, मॅटवर कळत नाही. पॅड धरणारी मागे सरकली की लाथ मारणारीने थांबायचे नाही. तिने मोठ्याने ओरडत फाटकाबाहेर, उजेड आणि माणसे असतील त्या दिशेला धावत सुटायचे आणि सुरक्षित जागी पोहोचताच 112 क्रमांक लावायचा.