चाळीस वॅट, दहा बाय अकरा: ॲम्प ठेवायचा की काढायचा

१३ जुलै

बेडरूमच्या कोपऱ्यात, कपाट आणि खिडकीच्या मध्ये, चादर पांघरून एक वस्तू बसलेली आहे. फेंडर हॉट रॉड डीलक्स, माझा गिटारचा ट्यूब ॲम्प. ४० वॅट, दोन ६एल६ पॉवर ट्यूब, तीन १२एएक्स७ प्रीॲम्प ट्यूब, बारा इंची स्पीकर, वजन वीसेक किलो. २०१९ मध्ये सेकंड-हँड घेतला तेव्हा बँड होता, महिन्याला दोन-तीन कार्यक्रम होते आणि मी एकटा राहत होतो. आता बँड नाही, कार्यक्रम नाहीत. कोथरूडमधला वन बीएचके, चौथा मजला, आम्ही दोघं आणि तीन वर्षांची मुलगी. ॲम्पवर सध्या इस्त्री करायचे कपडे असतात. बायकोचं म्हणणं एवढंच, "ठेव ना. पण मग त्याला टेबल म्हण."

दिवाळीपर्यंत निकाल लावायचा असं ठरवलंय. नोंदी लिहून ठेवतोय, म्हणजे नंतर स्वतःलाच गंडवायची सोय राहणार नाही.

१६ जुलै

आधी गणित. वर्षानुवर्षं हा ॲम्प "जरा मोठा" आहे असं म्हणत आलो, पण कागदावर कधी मांडलं नव्हतं.

गिटारचे बारा इंची स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर, साधारण ९७ ते १०० डेसिबल देतात. ९८ धरू. म्हणजे पूर्ण ४० वॅटला आकडा जातो ११४ वर. मला घरात हवेत ७०, बोलण्यापेक्षा थोडे वरचे. ९८ वरून ७० वर यायचं तर २८ डेसिबल उतरायचं, म्हणजे वॅटचा सहाशेवा भाग. दीड मिलिवॅट! चाळीस हजार मिलिवॅटच्या ॲम्पकडून मी दीड मागतोय. लग्नाच्या कढईत एक कप चहा करण्यासारखं आहे हे.

बरं, १५ वॅटचा लहान ट्यूब ॲम्प घेतला असता तर? तोही फक्त चार-साडेचार डेसिबलनेच खाली. कानाला आवाज निम्मा वाटायला वॅट दहापट कमी व्हावे लागतात. तेव्हा "घरासाठी पंधरा वॅटचा घे" असा सल्ला देणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

नियमाचंही पाहून ठेवलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. आमच्या खिडकीतून रिक्षा गेली तरी फोनवरचं ॲप ७० दाखवतं, ते सोडा.

२० जुलै

या ॲम्पच्या क्लीन (स्वच्छ आवाजाच्या) चॅनेलला मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे शेवटी एकूण आवाज कमी करणारा नॉब, नाही. मास्टर आहे तो ड्राइव्हला, म्हणजे फाटक्या आवाजाच्या चॅनेलला. आणि क्लीनचा नॉब १ वरून २ वर नेताना मधे कुठेतरी मांजर उठून पळावी असा आवाज येतो. जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे मागच्या लूपमध्ये (ॲम्पच्या दोन टप्प्यांमधल्या जोडणीत), प्रीॲम्प आउट आणि पॉवर ॲम्प इन यांच्या मध्ये, एक साधा पॉट, म्हणजे आवाजाचा नॉब, घालायचा. दोन जॅक, एक डबी, १०० के चा पॉट. बस्स.

शनिवारी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. ए१००के मागितला, म्हणजे लॉग, कानाला नॉबभर सारखा बदल वाटणारा. दुकानदाराने बी१००के, म्हणजे लिनियर, काढून दिला आणि म्हणाला, "साहेब, सगळे सारखेच असतात." मीही घाईत होतो, घेतला. घरी येऊन सोल्डर केला आणि कळलं की अजिबात सारखे नसतात. लिनियर पॉटवर सगळा खेळ पहिल्या पाव फेरीत संपतो, उरलेली पाऊण फेरी शोभेची. म्हणजे ज्या आजारावर औषध करत होतो, तोच आजार डबीत भरून मागे लावला. रविवारी पुन्हा फेरी, ए१००के, अठरा रुपये.

आता नॉब नीट फिरतो. पॉट खाली आणला की वरचा चमचमाट थोडा मरतो, पण ट्रेबल अर्ध्याने वाढवून भागतं. सोबत पहिल्या जागेवरची १२एएक्स७ काढून पडून असलेली १२एवाय७ लावली. तिचा गेन पहिलीच्या निम्म्याहून कमी. त्यानेही नॉबला श्वास मिळाला. ७० डेसिबलवर वाजतोय. छान वाजतोय का? ते नंतर.

२ ऑगस्ट

हे लिहू की नको असं दोनदा झालं.

गेले दोन आठवडे सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर पंपाची चर्चा चालली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या, म्हणजे बरोबर आमच्या खालच्या काकांना संध्याकाळी सात ते साडेसात घूंऽऽ घूंऽऽ असा आवाज येतो. भिंतीतून नाही, वरून नाही, "सगळीकडून". निदान त्यांनीच केलं, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय. सेक्रेटरींनी मेकॅनिकला बोलावलं.

मी रोज सात ते साडेसात वाजवतो. मुलगी तेव्हा बायकोबरोबर खाली बागेत असते.

तरीही माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी जुळल्या नाहीत, कारण काकांनी कधी "गिटार" हा शब्दच काढला नाही. परवा ए ची तार मोकळी वाजवली, आणि कपाटाच्या आरशाची चौकट थरथरली, तेव्हा ट्यूब पेटली. खोली १० बाय ११ फूट. दहा फुटांत ११२ हर्ट्झच्या आसपासची लाट अगदी मापात बसते, आणि पाचवी तार ११० हर्ट्झची. खोलीच ती तार फुगवून सांगते. वर ॲम्प थेट फरशीवर ठेवलेला, म्हणजे खोकं, फरशी आणि स्लॅब सगळं एकच वाद्य. वरचे सूर स्लॅबने गाळून घेतले आणि खाली फक्त खर्ज पोचला. काकांना गिटार ऐकूच येत नव्हती. त्यांना पंप ऐकू येत होता.

त्याच संध्याकाळी ॲम्प उचलून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवला, मधे आईची जुनी गोधडी चौपदरी घालून. बास ५ वरून २ वर. आरसा गप्प.

योगायोग असा की त्याच दुपारी मेकॅनिक येऊन पंपाला ग्रीस लावून गेला होता. रात्री ग्रुपवर काकांचा मेसेज, "आवाज पूर्ण बंद. माणूस जाणकार आहे." खाली अकरा अंगठे.

(अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायचा सल्ला मलाही मिळाला. त्याने खोलीतला थोडा ठणठणाट कमी होतो, पलीकडे जाणारा आवाज नाही. आवाज अडवायला वजन लागतं. भिंत दुप्पट जड केली तर जेमतेम सहा डेसिबल. पुठ्ठ्याचं वजन तुम्हीच करा.)

५ ऑगस्ट

जाऊन सांगून टाकलं. "काका, तो पंप नव्हता. मी होतो." काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग, "म्हणजे त्या मेकॅनिकला सहाशे रुपये कशाचे दिले?"

सहाशे रुपये घेऊन सेक्रेटरींकडे गेलो. ते घ्यायला तयार, पण पावती कुठल्या हेडखाली फाडायची यावर अडले. शेवटी "किरकोळ जमा".

१७ ऑगस्ट

ढोल पथकांचा सराव ऐन रंगात आहे. नदीपात्रातून वारा आमच्या बाजूचा असला की सगळी इमारत त्याच तालावर. आज बास ५ वर, लूपचा पॉट अर्ध्यावर ठेवून वीस मिनिटं वाजवलं. एक मीटरवर ९६. सहा वर्षांत पहिल्यांदा या घरात या ॲम्पचा खरा आवाज ऐकला. तार छेडली की पायजम्याचा घोळ हलत होता. काकांना विचारलं, काही ऐकू आलं का? ते म्हणाले, आज पंप बंद होता का?

३१ ऑगस्ट

मित्राकडून ॲटेन्युएटर आणला, ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कमी करणारी डबी. ८ ओहम, वजा २० डेसिबल. मोठ्या आशेने. वीस डेसिबल म्हणजे शंभरावा भाग, ४० वॅटचे ०.४. तरीही एक मीटरवर ९४! पॉवर ट्यूब पिळून काढायच्या आणि शेजारधर्मही पाळायचा, हे एका डबीत जमत नाही. परत केला.

नवीन मंडळींसाठी एवढंच: ॲम्प ते ॲटेन्युएटर आणि तिथून स्पीकर, दोन्हीकडे स्पीकरचीच वायर लावा, गिटारची नाही. आणि ट्यूब ॲम्प लोड (स्पीकर किंवा तशी डबी) न जोडता कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. तो गेला की ठेवायचा की विकायचा हा प्रश्न आपोआप सुटतो.

२१ सप्टेंबर

आज खरी परीक्षा. मित्राचा यामाहा टीएचआर१० आठवड्यासाठी आणलाय. दोन ८ सेंटीमीटरचे स्पीकर, डब्यासारखा दिसतो, आतमध्ये सगळं डिजिटल. मनातल्या मनात मी त्याला रेडिओ म्हणतो.

लूपरमध्ये (वाजवलेलं भरून पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या पेडलमध्ये) एकच आठ मात्रांची फ्रेज भरली, म्हणजे हाताचा फरक नको. लूपर ते ए-बी स्विच (कुठला ॲम्प वाजेल ते ठरवणारा), तिथून दोन्ही ॲम्प. दोन्ही एकाच खुर्चीच्या उंचीवर, दोन्ही क्लीन, फोन मध्ये ठेवून दोन्ही ६८ डेसिबलवर जुळवले. पहिल्या फेरीत मी दहापैकी दहा ओळखले आणि छाती फुगली. मग लक्षात आलं, हॉट रॉडची बारीक सूंऽऽ स्विच बदलायच्या आधीच ऐकू येते आणि दिव्याच्या उजेडात खोलीत सावलीही हलते. बाद. दुसऱ्या फेरीत मी स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड, दोन्ही ॲम्प कायम चालू. बायको नाणं उडवणार, त्याप्रमाणे स्विच मारणार, वहीत लिहिणार. वीस वेळा.

वीसपैकी बारा बरोबर. नाणंसुद्धा दहा ओळखतं.

याहून वाईट पुढे आहे. प्रत्येक वेळी "आवडला का" हेही लिहायला लावलं होतं. जे मला जास्त आवडले त्यांत रेडिओचं पारडं जड निघालं. कारण समजतं. कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच ते मोजून ठेवलंय. डब्यातला प्रोग्रॅम लहान आवाजासाठीच घडवलेला. माझ्या ॲम्पला मी बास २ वर बांधून, लूपमध्ये गळा आवळून, गोधडीवर बसवून म्हणतोय, गा आता.

दुपारी बारा वाजता, काकांना आधी फोन करून, तीच परीक्षा ९० वर. तीन वेळा ऐकली आणि थांबवली. गरजच नव्हती. डबा तिथे दमला, फाटू लागला, आणि हॉट रॉड नुकता जागा होत होता. दोन वेगळी जनावरं आहेत.

बायकोने वही मिटली. "म्हणजे हा चांगला आहे, पण इथे नाही." मी हो म्हणालो. मला ते तोंडाने म्हणायला तेवढे दहा आठवडे लागले.

५ ऑक्टोबर

विकायची जाहिरात टाकली. चार फोन. पहिला: "ब्लूटूथ आहे का?" दुसरा: "लास्ट किती?" ही सुरुवात होती. तिसऱ्याला बदल्यात ॲकूस्टिक आणि हेल्मेट द्यायचं होतं. चौथा घरी आला, शिकाऊ मुलगा, हॉस्टेलवर चौघांत एका खोलीत राहणारा. डोळे असे चमकत होते की मी चाळीस वॅट आणि ११४ डेसिबल, दोन्ही समजावून सांगितले आणि त्याला परत पाठवला. विक्रेता म्हणून मी कुचकामी आहे.

१९ ऑक्टोबर

निकाल. घराजवळच्या एका जॅमरूमच्या (बँडना सरावाला भाड्याने मिळणाऱ्या खोलीच्या) मालकाशी बोलणं झालं. त्याचा एक गिटार ॲम्प आजारी आहे. माझा हॉट रॉड तिथे राहील, त्याची गिऱ्हाईकं वाजवतील, मला महिन्याला सहा तास फुकट. ट्यूब बदलल्या की अर्धा खर्च त्याचा, आणि बायस (पॉवर ट्यूबमधला ठरावीक करंट) मी स्वतः तपासणार. हे दोन मुद्दे कागदावर लिहून घेतले, तो हसला पण सही केली. १२एवाय७ काढून १२एएक्स७ परत लावली. ए१००के ची डबी माझ्याकडेच, तिथे तिचं काही काम नाही.

काका आणि मी मिळून खाली उतरवला, लिफ्टपर्यंत खुर्चीवर ठेवून ढकलत. गोधडी धुवायला टाकली. कोपऱ्यात आता कपडे वाळत घालायचं स्टँड आहे, आणि शेल्फवर सेकंड-हँड घेतलेला रेडिओ.

१२ नोव्हेंबर

जॅमरूममध्ये आतापर्यंत चार तास झाले. तिथे नॉब ४ वर असतो. एका जुन्या बँडवाल्याला फोन केला, तो पुढच्या शनिवारी येतोय, ड्रमवाला शोधतोय म्हणाला.

काल संध्याकाळी सव्वासातला ऑफिसात असताना सेक्रेटरींचा फोन आला. "वाजवताय का हो?"

"नाही. मी ऑफिसात आहे. आणि ॲम्प तीन आठवडे घरात नाही."

थोडा वेळ पलीकडून काहीच नाही. मग मागे कुणाला तरी म्हणाले, "काका, ते नाहीत. बोलवा मेकॅनिकला." या वेळी खरोखरच बेअरिंग गेलं होतं.