मुलांना मशरूमची ओळख करून देताना… माझा अनुभव

पाऊस पडून गेल्यावर बागेतल्या एका कुजक्या ओंडक्यावर पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या, पाच वर्षांच्या लेकाने त्यांना लाथ मारायला पाय उचलला आणि मी ओरडले, "लांब हो, विषारी असतं ते!" तो इतका दचकला की नंतर मला फार वाईट वाटलं, कारण घाबरवलं तर खरं पण दाखवलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी परत तिथेच गेलो, सात वर्षांची लेक पण सोबत. आधी नियम ठरवला: बघायचं, हळूच हात लावायचा, पण तोंडात काहीही घालायचं नाही आणि नंतर हात साबणाने धुवायचे. नुसता हात लावून विषबाधा होत नाही, धोका खाण्यात असतो, आणि डेथ कॅपसारख्या जीवघेण्या मशरूमचं विष तर शिजवूनही जात नाही, त्यामुळे या नियमात मी अजिबात सूट देत नाही.

मग ओंडक्याची सुटलेली साल उचलली. आत कापसाच्या दोऱ्यासारखं पांढरं जाळं पसरलेलं! लेक म्हणाली, "ही मुळं ना?" मी सांगितलं, नाही गं, खरी बुरशी हीच, वरची छत्री म्हणजे तिचं फळ समज. ती झाडासारखी उन्हात अन्न बनवत नाही, हे लाकूडच खाते. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन फारच थोड्या जिवांना पचतं आणि त्यात बुरशी सगळ्यात पुढे, म्हणून तर पडलेली झाडं हळूहळू माती होतात. लेकाने बोटाने दाबून बघितलं तर लाकूड स्पंजसारखं आत गेलं. माझ्या बोलण्यापेक्षा त्याला तेच जास्त समजलं असं मला वाटतं.

घरी येताना एक उघडलेली छत्री आणली, स्पोअर प्रिंटसाठी, म्हणजे तिच्या बीजाणूंचा (बुरशीच्या बियांसारख्या बारीक कणांचा) कागदावर ठसा घ्यायला. दांडा कापायचा, पापुद्र्यांची बाजू खाली करून टोपी कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर हलवायचं नाही. सकाळी बघतो तर कागद कोरा, दोघं हिरमुसली, पण कागद उजेडात तिरका धरला तेव्हा कळलं की बीजाणू पांढरे आणि कागदही पांढराच! म्हणून करणाऱ्यांनी अर्धा काळा अर्धा पांढरा कागद घ्या, रंग कुठलाही असला तरी दिसतो. दुसऱ्या खेपेला काळ्या भागावर सायकलच्या चाकाच्या तारांसारखी नक्षी उमटली, इतकी बारीक की लेक श्वास रोखून बघत होती. लेकाने मात्र जवळ जाऊन फुंकर मारली आणि अर्धी नक्षी उडाली. ती रडायला लागली, तो म्हणाला, "अगं वाऱ्याने अशीच उडत असतील ना!" आता याच्यावर काय रागवणार, बरोबरच होतं त्याचं.

पुढे गोष्टी सांगत गेले. जवळजवळ 90 टक्के झाडाझुडपांच्या मुळांशी बुरशीची भागीदारी असते, ती पाणी आणि फॉस्फरस आणून देते, झाड तिला साखर देतं. झाडं या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात वगैरे मी मुद्दाम सांगितलं नाही, त्यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद आहेत. अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलात एकच बुरशी जमिनीखाली साडेनऊ चौरस किलोमीटरहून जास्त पसरली आहे हे ऐकून दोघांचे डोळे विस्फारले, आणि ती झाडं मारते हेही सांगितलं, कारण सगळ्याच बुरश्या झाडांच्या मैत्रिणी नसतात.

गेल्या आठवड्यात परत त्या ओंडक्यापाशी गेलो. वर एकही छत्री नव्हती, मला वाटलं मुलगा नाराज होईल. त्याने साल जराशी उचलली, आत डोकावला, म्हणाला, "आहे आहे, फळं नाही आली अजून," आणि होती तशी परत झाकून ठेवली.