माझा अनुभव: 18 वॉट-अवरची परवानगी

मालदीवच्या सात रात्रींच्या डायव्हिंग सफरीसाठी माझी बॅग प्रत्यक्षात एका संध्याकाळी भरून झाली. त्या बॅगेतील वीतभर लांबीच्या एका टॉर्चसाठी मात्र मला तीन आठवडे पत्रव्यवहार करावा लागला, आणि तो आठवला की आजही माझे डोके तापते. बोटीचे आरक्षण, विम्याचा हप्ता, रजेचा अर्ज हे सगळे इतके सुरळीत पार पडले की त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. जे अडले तेच लिहितो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. तारकर्लीला मी पाण्याखाली पहिला श्वास घेतला त्याला आता बारा वर्षे झाली, परंतु लिव्हअबोर्डवर, म्हणजे आठवडाभर ज्या बोटीवर राहायचे, जेवायचे आणि तिथूनच रोज तीन वेळा पाण्यात उतरायचे अशा बोटीवर, मी पहिल्यांदाच जाणार होतो. मार्ग मालेहून निघून वावू आणि अरी या प्रवाळद्वीपसमूहांतून परत मालेला असा होता, आणि त्यात अलिमथाजवळची रात्रीची डाइव्ह होती, जिथे नर्स शार्कचे थवे माणसांच्या पायांतून फिरतात. रात्रीच्या डाइव्हला प्रत्येकाजवळ दोन टॉर्च असाव्यात, एक मुख्य आणि एक राखीव, असा शिरस्ता आहे. बोटीवर टॉर्च भाड्याने मिळते हे मला माहीत होते. पण स्वतःच्या पैशाने घेतलेली चांगली टॉर्च घरी ठेवून परक्याची पिवळट उजेडाची टॉर्च हातात धरायची, हे मनाला पटेना. पुढचा सगळा मनस्ताप या हट्टातून आला, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

निघण्याच्या तीन आठवडे आधी सामानाच्या वजनाचे नियम पाहावेत म्हणून मी विमान कंपनीचे संकेतस्थळ उघडले. कंपनीचे नाव लिहीत नाही. तिथल्या धोकादायक वस्तूंच्या तक्त्यात, सोल्डरिंगच्या उपकरणांशेजारी, पाण्याखाली वापरायचे प्रखर दिवे असे लिहिलेले होते आणि पुढच्या रकान्यात ‘कंपनीची पूर्वपरवानगी आवश्यक’ असा शेरा होता. यामागचे कारण अगदी योग्य आहे. डायव्हिंगच्या टॉर्चला थंड ठेवण्याचे काम भोवतालचे पाणी करते. तीच टॉर्च कपड्यांनी भरलेल्या बॅगेत धक्का लागून चालू झाली, तर ती कपडे पेटवू शकेल इतकी तापते. म्हणून दिवा आणि बॅटरी एकमेकांपासून वेगळे करावेत आणि सुटी बॅटरी फक्त केबिनमधील सामानात न्यावी, असा नियम आहे. नियमाविषयी माझी तक्रार नाही. ती परवानगी द्यायची कोणी, हे त्या कंपनीत कोणालाच ठाऊक नव्हते, ही तक्रार आहे.

मी त्याच दिवशी सविस्तर ईमेल पाठवला. टॉर्चचे छायाचित्र, सेलचा प्रकार, प्रवासाचा दिनांक, तिकिटाचा क्रमांक, सगळे एका पानात. लगेच आपोआप येणारा पोचक्रमांक आला आणि चौथ्या दिवशी उत्तर आले, की क्रीडासाहित्य नेण्याचे स्वागत आहे, कृपया सर्फबोर्डची लांबी कळवावी. मी पुन्हा लिहिले, की सर्फबोर्ड नाही, टॉर्च आहे. त्याला उत्तरच आले नाही. नवव्या दिवशी ग्राहकसेवा केंद्राला फोन केला, तेव्हा चौदा मिनिटे संगीत ऐकवल्यानंतर एका अतिशय सौजन्यशील मुलीने माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, “सर, हा दिवा तेलाचा आहे का?” मी नाही म्हणालो. “मग काच फुटण्याची शक्यता आहे का?” मी पुन्हा नाही म्हणालो. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, की अशा परवानगीसाठी आपण ईमेल करावा. मी ईमेल केला असल्याचे सांगून पोचक्रमांक दिला, त्यावर ती म्हणाली, की त्या क्रमांकाखाली सर्फबोर्डची विनंती नोंदलेली दिसते आहे.

बाराव्या दिवशी मी ठाण्याहून लोकल आणि रिक्षा असा प्रवास करून थेट विमानतळावरील कंपनीच्या तिकीट खिडकीवर गेलो. टॉर्च सोबत नेली होती. खिडकीतील गृहस्थांनी ती हातात घेऊन तिचे वजन जोखले, चालू करून पाहिली, डोळे दिपल्यावर घाईने बंद केली आणि म्हणाले, की प्रवासाच्या दिवशी कामावर असलेल्या अधिकाऱ्याला दाखवा, तोच काय ते ठरवेल. मी म्हणालो, तसे लिहून द्या. लिहून देण्याची पद्धत नाही, असे त्यांनी सांगितले. मग पूर्वपरवानगीतल्या ‘पूर्व’ या शब्दाला अर्थ काय, असा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता. पण मागे रांग होती आणि माणूस वयाने मोठा होता, म्हणून गिळला.

सतराव्या दिवशी अखेर एक ओळीचा ईमेल आला: ‘आपली विनंती नोंदवण्यात आली आहे.’ हा होकार की नकार, हे मला कळेना. माझे मेहुणे तीस वर्षे सरकारी खात्यात होते, त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “नोंद म्हणजे मंजुरी नव्हे. पण नामंजुरीही नव्हे. दोन प्रती काढून ठेवा.” मी दोन प्रती काढल्या, आणि तिसऱ्या कागदावर विमान कंपनीच्याच तक्त्यातील ती ओळ छापून घेतली.

आता उपयोगाचे सांगतो. माझ्या टॉर्चमध्ये 21700 या मापाचा एकच लिथियम-आयन सेल बसतो. त्यावर 3.6 व्होल्ट आणि 5000 मिलिअँपिअर-अवर असे छापलेले होते, परंतु विमानतळावर विचारतात ते वॉट-अवर, आणि तो आकडा सेलवर नव्हता. हिशेब सोपा आहे: व्होल्टला अँपिअर-अवरने गुणायचे. 3.6 गुणिले 5 म्हणजे 18 वॉट-अवर. विनापरवानगीची सर्वसाधारण मर्यादा 100 वॉट-अवर आहे, 100 ते 160 च्या दरम्यान कंपनीची संमती लागते, आणि त्यावरची बॅटरी प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणजे माझा सेल मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नव्हता. मी कागदी चिकटपट्टीवर ‘18 वॉट-अवर’ असे इंग्रजीत ठळक लिहून ती सेलच्या डबीवर लावली. प्रत्येक सुटा सेल स्वतंत्र प्लास्टिकच्या डबीत ठेवावा, म्हणजे त्याची टोके किल्ल्यांना किंवा नाण्यांना टेकत नाहीत. पॉवर बँकेलाही केबिनमध्येच नेण्याचा नियम लागू आहे. ती चेक-इनच्या बॅगेत गेली, तर बॅग उघडण्यासाठी आपल्याला परत बोलावले जाते.

प्रवासाच्या दिवशी काउंटरवरील मुलीने टॉर्चचे नाव ऐकताच विचारले, “सेल काढलाय ना?” मी हो म्हणालो. तिने मान हलवली आणि बॅगेला पट्टी लावली. माझा हात कागदांच्या फोल्डरवर होता, तो तसाच राहिला. सुरक्षा तपासणीत मात्र नेमके उलटे घडले. एक तरुण जवान सेलची डबी ट्रेमधून उचलून म्हणाला, की सुट्या बॅटऱ्या केबिनमध्ये चालत नाहीत, त्या चेक-इनमध्ये टाकायला हव्या होत्या. ज्या वस्तूला एका टेबलावर विमानाच्या पोटातल्या सामानात बंदी, तिलाच पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या टेबलावर हातातल्या सामानात बंदी! मी फोल्डर उघडू लागलो, तेवढ्यात त्याचे वरिष्ठ आले. त्यांनी कागद पाहिला नाही. डबीवरची चिकटपट्टी वाचली, “अठरा” एवढेच म्हणाले आणि डबी माझ्या हातात दिली. तीन आठवड्यांचा पत्रव्यवहार एका चिकटपट्टीने निरर्थक ठरवला, याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

आता बाकीच्या बॅगेविषयी, जसे आठवेल तसे.

माझ्या तिकिटावर चेक-इनसाठी 20 आणि केबिनसाठी 7 किलोंची मर्यादा होती. हवा भरून तोल सांभाळणारे जाकीट, म्हणजे बीसीडी, 3.2 किलो, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधून श्वास घ्यायचे साधन, नळ्यांसह 2.8, वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब देणारा तीन मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख, 1.7, फिन्स, म्हणजे पोहण्याचे पायपंख, आणि बूट मिळून 3. हे सगळे घरी लटकवायच्या काट्यावर तोलले होते, आणि तो अडीचशे रुपयांचा काटा ही या तयारीतील माझी सर्वांत शहाणपणाची खरेदी होती. रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणारे यंत्र) आणि मास्क केबिनमध्ये न्यावेत. माझा मास्क नंबरच्या काचांचा आहे. बाकी सगळे बोटीवर भाड्याने मिळू शकते, माझा नंबर मिळत नाही. सिलिंडर आणि शिशाची वजने बोटीवर असतात. तुमचा रेग्युलेटर डिन जोडणीचा, म्हणजे सिलिंडरमध्ये स्क्रूसारखा फिरवून बसवायचा असेल, तर बोटीला आधी विचारून ठेवा किंवा अडॅप्टर सोबत घ्या.

बॅग मऊ, घडी होणारी घ्यावी. बोटीवरच्या केबिनमध्ये दोन खाटा आणि त्यांखाली दीड वीत जागा असते. आमच्यापैकी एकाने टणक कवचाची सुटकेस आणली होती. ती खाटेखाली गेली नाही आणि आठवडाभर तो रात्री स्नानगृहात जाताना तिला ओलांडत होता.

कपडे मी निम्मे घेतले असते तरी चालले असते. बोटीवर चढतानाच चपला एका टोपलीत गोळा करतात आणि उतरेपर्यंत सगळे अनवाणी असतात. दोन अर्ध्या विजारी, तीन टी-शर्ट, उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा एक सदरा, आणि स्थानिक बेटावर उतरताना खांदे व गुडघे झाकतील असा एक जोड, एवढे पुरते. पाणी 28 अंशांच्या आसपास असते, पण दिवसाच्या तिसऱ्या डाइव्हनंतर त्यातही हुडहुडी भरते, आणि रात्री ओल्या अंगावर वारा लागला की जाड जाकीट आठवते. ते मी घेतले नव्हते.

मालदीवमध्ये डाइव्ह मोठ्या बोटीवरून होत नाहीत. सोबत एक धोनी, म्हणजे लहान बोट, असते, इंग्रजी स्पेलिंग आपल्या क्रिकेटपटूच्या नावासारखेच, आणि सिलिंडर भरण्याचा कॉम्प्रेसर त्या धोनीवरच असल्यामुळे मोठ्या बोटीवर आवाज होत नाही. पहिल्या दिवशी तुमचे साहित्य धोनीवर जाते आणि शेवटच्या डाइव्हपर्यंत तिथेच राहते. म्हणून एक जाळीची पिशवी साहित्यासाठी आणि एक जलरोधक पिशवी टॉवेल व गोळ्यांसाठी हवीच. मास्कचा पट्टा, फिनचा पट्टा, तोंडाचा रबरी तुकडा, दोन-चार ओ-रिंग (जोडातून गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) आणि मूठभर प्लास्टिकच्या पट्ट्या एका डबीत ठेवाव्यात. साधा पट्टा तुटून डाइव्ह बुडणे हे फारच जिव्हारी लागते. डाइव्ह कॉम्प्युटर आणि पृष्ठभागावर सोडायचा नारिंगी फुगा प्रत्येकाचा स्वतंत्र लागतो, कारण द्वीपांमधल्या खिंडींत प्रवाह जोरदार असतात आणि गट पांगू शकतो. करमणुकीच्या डाइव्हसाठी तिथे 30 मीटरची मर्यादा आहे.

बोट लागण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि घरी एखाद्या रविवारी घेऊन पाहा. मला एका गोळीने दुपारी चारपर्यंत झोपवले होते; हे पाण्यात उतरण्याच्या दिवशी कळले असते तर पंचाईत झाली असती. दारू मालदीवमध्ये नेता येत नाही, विमानतळावरच्या दुकानातून घेतलेलीही नाही. प्रवासी घोषणापत्र उड्डाणाच्या आधीच्या 96 तासांत ऑनलाइन भरायचे असते. ते पाच मिनिटांत झाले आणि त्याला कोणाची पूर्वपरवानगी लागली नाही.

राहता राहिला परतीचा प्रवास, ज्याचा विचार जाताना कोणीच करत नाही. अनेक डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यावे लागतात, म्हणून शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी सकाळीच होते आणि साहित्य वाळवायला दिवस मिळतो. तरीही वेटसूट आतून दमट राहतो आणि बीसीडीच्या पोटात पाणी उरते. ते उलटे धरून, कळ दाबून, दोन-तीन वेळा काढावे लागते. माझ्या बॅगेचे वजन जाताना 19.6 किलो होते आणि मालेहून निघताना ते 21.8 भरले, खरेदी शून्य असूनही. काउंटरसमोर बॅग उघडून मी ओले निओप्रीनचे बूट काढले, घातले, मोजडी घातल्यासारखा चालत दारापर्यंत गेलो, आणि उरलेल्या जादा वजनाचे पैसे भरले. जाताना बॅग 18 किलोंच्या वर जाऊ देऊ नका. आणि एक जुनी मोठी प्लास्टिकची पिशवी तळाशी घडी करून ठेवा. ओला वेटसूट त्यात गेला, तर निदान कोरडे कपडे तरी घरी कोरडे पोचतात.